वाढत्या मुलासाठी कार सीट: टेप घेऊन आधी गाडीत शिरा

कार सीट घ्यायची ठरली की आपण आधी सीटच बघायला लागतो. मीही तेच केलं होतं. आठवडाभर रात्री जागून लोकांचे शेरे वाचले, रंग पसंत केला, खोकं घरी आलं, आणि गाडीत ठेवून बघते तर ड्रायव्हरची सीट इतकी पुढे न्यावी लागली की गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट चांगलीच होती. आमच्या गाडीत मावणारी नव्हती, एवढंच. म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय: आधी मूल मोजायचं, मग गाडी, आणि त्या दोघांशी जुळेल ती सीट शेवटी.

साधारण एक ते चार वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय. तान्हेपणीची सीट तोकडी पडलेली असते, बूस्टरला (मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट नीट लागावा म्हणून असलेली बैठक) अजून बराच अवकाश असतो, आणि सगळे घोळ या मधल्या काळात होतात.

पहिलं काम: मूल मोजा, तेही बसवून

खोक्यावर दोन आकडे असतात, किलो आणि सेंटिमीटर. डॉक्टरांच्या फाइलमधल्या जुन्या नोंदीवर विसंबू नका. या वयात चार महिन्यांपूर्वीचा आकडा शिळा झालेला असतो. मुलाला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. उंचीसाठी पाठ आणि टाचा भिंतीला, डोक्यावर आडवी वही, पेन्सिलीची खूण.

आता तिसरं माप घ्या, जे खोक्यावर क्वचितच छापलेलं असतं. मुलाला भिंतीला टेकवून जमिनीवर मांडी घालून बसवा आणि जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची मोजा. सीट तोकडी पडते ती बहुधा इथेच. ९० सेंटिमीटर उंचीच्या दोन मुलांमध्ये एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. लांब पायांच्या मुलाला जी सीट आणखी वर्षभर पुरेल, ती दुसऱ्याला सहा महिन्यांत लहान होते. पट्टे सीटच्या पाठीतून ज्या खाचांमधून बाहेर येतात, त्यांतली सगळ्यात वरची खाच बसायच्या जागेपासून किती उंचीवर आहे ते सीटच्या पुस्तिकेत बघा किंवा सरळ टेप लावून मोजा. ही उंची आणि मुलाच्या खांद्याची उंची यांत जे अंतर उरतं, तेवढीच त्या सीटची शिल्लक.

वाढीचा अंदाजही हाताशी असू द्या. मूल पहिल्या वाढदिवसाला सरासरी ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतं, दुसऱ्याला ८६-८७ आणि तिसऱ्याला ९५-९६. वजन मात्र वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. याचा अर्थ, सीटची किलोची मर्यादा दूर असतानाच उंचीची मर्यादा येऊन ठेपते. "१८ किलोपर्यंत चालते, म्हणजे पाच वर्षांची निश्चिंती" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि टेप काढा.

दुसरं: तोंड कुठे, पुढे की मागे?

या एका प्रश्नावरून घराघरांत जेवढे वाद होतात, तेवढे बाकी सगळ्या मुद्द्यांवर मिळून होत नसतील. "वर्षाची झाली की आता, फिरवा ना तिला, बिचारीला काही दिसत नाही." आमच्याकडे सासूबाईंनी हे तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोरून धडक बसली आणि गाडी एक दशांश सेकंदात थांबली असं धरा. १२ किलोचं मूल त्या वेळात सुमारे १७० किलोच्या ओढीने पुढे खेचलं जातं. (मांडीवर घट्ट धरून बसेन, या म्हणण्याचा निकाल इथेच लागतो.) मूल पुढे तोंड करून बसलेलं असेल तर पट्टे त्याचे खांदे आणि कंबर धरून ठेवतात. डोकं मात्र कोणीच धरत नाही. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेचे मणके अजून काही ठिकाणी कूर्चेनेच जोडलेले असतात, आणि सगळी ओढ त्या मानेवर येते. मागे तोंड असेल तर पाठ, मान आणि डोकं एकदमच सीटच्या पाठीत दाबले जातात. जोर तेवढाच राहतो, पण तो एका बारीक जागेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो.

स्वीडनमध्ये हा विचार १९६० च्या दशकातच रुजला. बर्टिल आल्डमन या संशोधकांनी अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर कसा झेलतात ते पाहिलं आणि त्यावरून मुलांसाठी उलट्या तोंडाच्या सीटचा नमुना तयार केला. तिथे चार वर्षांपर्यंत मुलांनी मागे तोंड करून बसणं आजही नेहमीचं आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली आपल्या सल्ल्यातून 'दोन वर्षांपर्यंत' ही वयाची अट काढून टाकली आणि सीटची उंची किंवा वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवा, असं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमाप्रमाणे १५ महिन्यांआधी मूल पुढे तोंड करून बसवताच येत नाही. पण १५ महिने हा उंबरठा आहे, मुहूर्त नव्हे. त्या दिवशी सीट फिरवलीच पाहिजे असं काही नाही.

"पाय कुठे ठेवेल?" हा पुढचा प्रश्न. ठेवेल कुठेतरी. मांडी घालेल, बेडकासारखे दुमडेल, नाहीतर गाडीच्या सीटच्या पाठीवर वर चढवेल. आपल्याला बघून अवघडल्यासारखं वाटतं, कारण आपले सांधे चाळीशीचे असतात. पाय दुमडलेले असणं हे सीट लहान पडल्याचं लक्षण नाही. डोकं सीटच्या वरच्या कडेजवळ येणं, हे लक्षण आहे.

तिसरं: टेप, टॉर्च आणि गाडीची पुस्तिका

गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच असेल. मुलांच्या सीटवर तिच्यात एक वेगळं प्रकरण असतं आणि बहुतेक वेळा एक तक्ता: कुठल्या जागी कुठल्या प्रकारची सीट चालते. तो वाचून मग मागचं दार उघडा आणि अक्षरशः पालथे पडा.

गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घाला. आयसोफिक्सचे, म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या व्यवस्थेचे, दोन दांडे हाताला लागतील: पेन्सिलीएवढे, म्हणजे ६ मिलिमीटर जाड, आणि एकमेकांपासून २८ सेंटिमीटरवर. कधी ते प्लास्टिकच्या झाकणामागे असतात, कधी कापडी खिशात. अमेरिकेत याच व्यवस्थेला लॅच म्हणतात आणि २००२ च्या सप्टेंबरपासून तिथल्या नव्या प्रवासी गाड्यांत ती सक्तीची आहे. मधल्या जागेला बहुधा हे दांडे नसतात. मग डाव्या जागेचा एक आणि उजव्या जागेचा एक असे उसने घेऊन मध्ये सीट बसवायची युक्ती सुचते. गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी असल्याशिवाय ती करू नका.

आयसोफिक्सची वजनाची मर्यादा फार थोड्यांना माहीत असते. आर१२९ च्या सीटमध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो, अमेरिकेत ६५ पौंड म्हणजे साडेएकोणतीस किलो. इथे सीटचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. सीट १४ किलोची असेल तर मुलासाठी उरले किती ते बघा. त्यापुढे गाडीच्या बेल्टने बसवता येते का, ते सीटच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं. बेल्टने नीट बसवलेली सीट आयसोफिक्सच्या सीटइतकीच सुरक्षित असते. आयसोफिक्सचा फायदा एवढाच की चुका कमी होतात. आणि दोन्ही एकदम लावले की दुप्पट घट्ट, हा समज सोडा. उत्पादकाने तसं सांगितलं नसेल तर एकच काहीतरी लावायचं.

आता टॉप टेदरची कडी शोधा. पुढे तोंड केलेल्या सीटच्या माथ्यावरून एक पट्टा मागे जातो आणि गाडीतल्या कडीला अडकतो. धडकेत सीटचा माथा आणि पर्यायाने मुलाचं डोकं पुढे झेपावतं, ते हा पट्टा कमी करतो. कडी कधी मागच्या सीटच्या पाठीवर असते, कधी काचेखालच्या फळीवर, कधी डिकीच्या तळाला, कधी छताला. शेजारी नांगराचं चिन्ह असतं. डिकीत सामान बांधायच्या कड्या दिसायला अगदी तशाच असतात आणि त्या या कामाच्या नाहीत. मी एका नातेवाइकांच्या गाडीत ही कडी शोधताना वीस मिनिटं सामानाच्या कडीवरच समाधान मानून बसले होते, म्हणून एवढं आवर्जून सांगतेय. चिन्ह दिसत नसेल तर पुस्तिकेतलं चित्र बघा.

काही सीटना टॉप टेदरऐवजी सपोर्ट लेग असतो, म्हणजे खाली गाडीच्या तळावर टेकणारा पाय. तशी सीट घ्यायची असेल तर पायाखालची जमीन ठोकून बघा. पोकळ आवाज आला, म्हणजे खाली सामानाचा कप्पा असला, तर त्याचं झाकण तो जोर पेलेल याची खात्री नाही. काही गाड्यांत तो कप्पा भरायला खास ठोकळा मिळतो, काहींत त्या जागी असा पाय चालतच नाही. उत्तर पुन्हा गाडीच्या पुस्तिकेतच.

बेल्टने सीट बसवणार असाल तर बकलकडे बघा. काही गाड्यांत बकल लांब देठावर असतं आणि बेल्ट आवळला की ते नेमकं सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन वाकतं. असं वाकलेलं बकल धडकेत दगा देऊ शकतं. ही जोडी जमत नाही असं समजायचं आणि दुसरी जागा किंवा दुसरी सीट बघायची.

आता लांबी. पुढची सीट रोज गाडी चालवणाऱ्याच्या सवयीच्या जागी आणा, त्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवा, आणि मग मागे किती जागा उरते ती मोजा. मागे तोंडाची सीट कलती असते, त्यामुळे वाटतं त्याहून जास्त लांबी खाते. पुढच्या सीटला टेकली तर चालेल की नाही, हे दोन्ही उत्पादक आपापल्या पुस्तिकेत सांगतात. मागे तिघांना बसायचं असेल तर रुंदी आणि शेजारच्याच्या बकलपर्यंत हात पोचतो का, हेही तपासा.

मधली जागा की कडेची? मधली जागा बाजूच्या धडकेपासून सगळ्यात लांब, म्हणून तत्त्वतः चांगली. पण ती बऱ्याचदा अरुंद, उंचवट्याची आणि आयसोफिक्स नसलेली असते. मध्ये डुगडुगणाऱ्या सीटपेक्षा कडेला पक्की बसलेली सीट मी डोळे मिटून निवडेन.

पुढच्या सीटबद्दल एकच वाक्य: समोर एअरबॅग चालू असताना तिथे मागे तोंडाची सीट कधीही, कितीही थोड्या अंतरासाठी ठेवायची नाही, कारण फुगणारी एअरबॅग थेट मुलाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

चौथं: लेबल वाचता आलं पाहिजे

युरोपीय पद्धतीच्या सीटवर नारिंगी लेबल असतं आणि त्यावर वर्तुळात इंग्रजी ई हे अक्षर. त्याशेजारचा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, सुरक्षिततेचे गुण नव्हेत. कोणता नियम लिहिलाय ते बघा. जुना आर४४ नियम वजनाच्या गटांवर चालतो: ९ ते १८ किलोचा गट १, १५ ते २५ चा गट २, असं. त्यातल्या सीटचा मंजुरी क्रमांक ०४ ने सुरू व्हायला हवा. ०३ म्हणजे आणखी जुनी. नवा आर१२९ नियम २०१३ पासून आहे. तो मुलाच्या उंचीवर चालतो आणि त्यात बाजूच्या धडकेची चाचणीही आहे, जी आर४४ मध्ये नव्हती. युरोपीय संघात आर४४ च्या नव्या सीट विकणं १ सप्टेंबर २०२४ पासून बंद झालं. घरात असलेली आर४४ ची सीट त्यामुळे निकामी होत नाही, पण नवी घेताना मी आर१२९ च घेईन.

आय-साइझ हा आर१२९ मधलाच एक प्रकार. गाडीच्या जागेवर आणि सीटवर, दोन्हीकडे ते चिन्ह असेल तर जुळवणीची चिंता बरीचशी मिटते. तसं नसेल तर सीटच्या उत्पादकाकडे गाड्यांची यादी असते. त्यात आपली गाडी, तिचं साल आणि कोणती जागा, तिन्ही बघायचं. नुसतं मॉडेलचं नाव सापडलं म्हणून पुढे जाऊ नका, कारण एकाच नावाच्या दोन पिढ्यांत मागची सीट वेगळी असते.

अमेरिकन सीटवर तिथल्या संघीय सुरक्षा मानकांची पूर्तता करत असल्याचं छापील वाक्य असतं आणि सोबत नोंदणीचं कार्ड. ते कार्ड भरून पाठवा. सीटमध्ये दोष सापडून ती परत मागवली गेली तर तुम्हाला कळायचा तोच खात्रीचा मार्ग आहे. ज्या सीटवर कुठलंच लेबल नाही, ती कितीही मऊ आणि देखणी असली तरी ती उशी आहे.

पाचवं: प्रकार

हे चटकन उरकते. तान्ह्यांची उचलून नेता येणारी सीट आता मागे पडली. या वयाला लागते ती कन्व्हर्टिबल, जी आधी मागे आणि मग पुढे तोंड करून वापरता येते. काही सीट फक्त मागे तोंडाच्याच असतात पण खूप मोठ्या मुलांपर्यंत पुरतात; गाडीत लांबी असेल तर या माझ्या आवडत्या. गोल फिरणाऱ्या सीट पाठदुखीवाल्यांना वरदान, पण जड असतात, म्हणून तो वजनाचा हिशोब पुन्हा करा. जन्मापासून बारा वर्षांपर्यंत एकच, असा दावा करणाऱ्या सीट सगळ्या टप्प्यांत सारख्या चांगल्या बसतीलच असं नाही. तुमच्या मुलाच्या आजच्या टप्प्यात कशी बसते तेवढंच बघा. कप ठेवायची जागा, कापडाचा पोत, हे शेवटी. महाग म्हणजे अधिक सुरक्षित असंही नाही. एकाच नियमाखालच्या सगळ्या सीटना किमान त्याच चाचण्या पार कराव्या लागतात.

सहावं: बसवून हलवून बघा

शक्य असेल तिथे पैसे देण्याआधी सीट आपल्याच गाडीत बसवून बघा, मुलासकट. नसेल शक्य तर परतीची मुदत विचारून ठेवा आणि लेबलं न काढता पहिल्याच दिवशी बसवा.

कन्व्हर्टिबल सीटला बेल्टचे दोन मार्ग असतात. युरोपीय नियमाप्रमाणे मागे तोंडासाठी निळी खूण, पुढे तोंडासाठी लाल. हे मला तोंडपाठ होतं, आणि तरीही लेकीची सीट फिरवली तेव्हा मी बेल्ट निळ्याच मार्गातून घातला. तीन आठवडे ती तशीच फिरत होती. एके दिवशी खाली सांडलेले खाऊचे कण झाडायला सीटची कड धरून ओढली, तर सगळी सीट माझ्या हातात आली. बकल लागलेलं होतं, बेल्ट ताणलेला दिसत होता, वरवर बघणाऱ्याला काही कळलं नसतं. त्या दिवसापासून हलवून बघितल्याशिवाय मी गाडी सुरू करत नाही.

हलवायचं कुठे, यालाही पद्धत आहे. सीटचा माथा धरून गदागदा हलवाल तर जवळजवळ प्रत्येक सीट हलेल. हात बेल्टच्या मार्गाशी किंवा आयसोफिक्सच्या जोडाशी ठेवा, नेहमीच्या ताकदीने डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे ओढा. तिथे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलत असेल तर एक हात किंवा गुडघा सीटमध्ये दाबून ठेवा आणि दुसऱ्या हाताने बेल्टचा ढिलेपणा खांद्याच्या बाजूने ओढून घ्या. बेल्ट आपोआप जागच्या जागी अडकून राहतो की सीटवरच्या चिमट्याने अडकवावा लागतो, हे गाडीप्रमाणे बदलतं. आयसोफिक्स असेल तर दोन्ही बाजूंचा 'टक्' ऐका आणि दोन्ही खुणा हिरव्या झाल्यात का ते डोळ्यांनी बघा. एक हिरवी, एक लाल हा प्रकार फार होतो.

गाडीचा हेडरेस्ट सीटला पुढे ढकलत असेल तर तो वर करा किंवा काढा, पुस्तिकेत परवानगी असेल तर. कलाची खूण, पाण्याचा बुडबुडा असो की रेघ, गाडी सपाट जमिनीवर उभी असतानाच बघायची. उतारावर ती हमखास खोटं बोलते. सीटखाली जाड गादी किंवा टॉवेल घालू नका.

सातवं: रोजचं बांधणं

सीट एकदा बसते, मूल रोज दोन-चार वेळा बसतं. चुकांना खरा वाव इथे आहे.

आधी मुलाचं बूड पार मागे, कोपऱ्यात. या वयाची मुलं धनुष्यासारखी ताठ होतात, तेव्हा बळजबरी करण्यात अर्थ नाही. पोटावर हलकी गुदगुली केली की कंबर वाकते आणि बूड मागे जातं. मग पट्ट्यांची उंची: मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, पुढे तोंड असेल तर बरोबरीने किंवा किंचित वरून. मांडीकडचा पट्टा पोटावर न राहता खाली, कमरेच्या हाडांवर. बकल लावल्यावर आधी कमरेजवळचा ढिलेपणा वर ओढून घ्या आणि मगच पुढची दोरी ओढा. ही पायरी लोक विसरतात आणि मग पट्टा खांद्यावर घट्ट, कमरेवर सैल राहतो.

आता चिमटा. खांद्याच्या वर, गळ्याजवळच्या हाडापाशी, पट्टा उभा धरून अंगठा आणि तर्जनीने त्याची घडी पकडायचा प्रयत्न करा. बोटं घसरून निसटली तर बरोबर आहे. चिमटीत घडी आली तर आणखी ओढा. किती घट्ट म्हणजे घट्ट, याचं एवढं सोपं उत्तर दुसरं नाही. छातीवर क्लिप असलेल्या सीटमध्ये ती काखेच्या पातळीला ठेवा, पोटावर नाही.

जाड जॅकेट घालून मूल बांधलं की पट्टा घट्ट वाटतो, पण तो कापसावर घट्ट असतो. पटत नसेल तर घरीच करून बघा: जॅकेट घालून मुलाला बांधा, पट्टे न हलवता सोडा, जॅकेट काढा आणि पुन्हा बकल लावा. छाती आणि पट्टा यांच्यामध्ये तुमची मूठ मावेल. थंडी असेल तर आधी बांधा, मग जॅकेट उलटं करून समोरून हात घाला किंवा वरून पांघरूण द्या.

हात बाहेर काढणारे हुडिनी प्रत्येक घरात एकेक असतात. बहुतेक वेळा कारण एकच: पट्टे थोडे सैल किंवा चुकीच्या खाचेत. ते सुधारूनही हात बाहेर आले तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं, हात आत, पुन्हा निघायचं. पहिल्या दिवशी एका फेरीला दुप्पट वेळ लागतो, आठवड्यात खेळ संपतो. यासाठी मिळणाऱ्या जादा क्लिपा, मानेच्या उशा, पट्ट्यांवरची जाड आवरणं सीटबरोबर आलेली नसतील तर लावू नका. त्या सीटची धडक-चाचणी त्यांच्यासकट झालेली नसते.

झोपल्यावर मान पुढे पडते, ही तक्रार नेहमीची. सीटच्या पुस्तिकेत परवानगी असेल तेवढा कल वाढवा. डोकं पट्टीने बांधायच्या वस्तू मिळतात, त्यांच्याकडे बघूही नका. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी मुलाला सीटमधून बाहेर काढून हातपाय मोकळे करू द्या. गाडी उन्हात उभी होती तर बकलचं धातूचं टोक आधी आपल्या मनगटाला लावून बघा.

आणि पट्टे वॉशिंग मशिनमध्ये टाकायचे नाहीत, साबणात भिजवायचेही नाहीत. धाग्यांची ताकद त्याने कमी होऊ शकते. ओल्या फडक्याने पुसा. बकलमध्ये खाऊ अडकून 'टक्' ऐकू येईनासं झालं तर पुस्तिकेत बकल धुण्याची रीत असते. तेल-वंगण घालणं मात्र नक्की चूक.

पुढे काय बघत राहायचं

दर तीन महिन्यांनी पट्ट्यांची उंची तपासा. मागे तोंड असताना डोकं आणि सीटची वरची कड यांत अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर उरलं तर ती दिशा संपत आली असं बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकांत असतं. पुढे तोंड असताना खांदे सगळ्यात वरच्या खाचेच्या वर गेले, किंवा कान सीटच्या माथ्याशी आले, की ती सीट संपली. मग बूस्टर, पण घाई नको. बूस्टरमध्ये मूल फक्त गाडीच्या बेल्टने बांधलेलं असतं, आणि वाकून खाली पडलेलं खेळणं उचलण्याचा मोह आवरणं हे त्याचं त्यालाच जमायला लागतं. आर१२९ मध्ये नव्या बूस्टरची सुरुवात १०० सेंटिमीटरपासून आहे, पण चार वर्षांच्या आत सहसा हे जमत नाही. तोवर पाच पट्ट्यांची सीट जेवढी पुरेल तेवढी पुरवा.

दुसऱ्याची वापरलेली सीट घ्यायची तर देणारा आपला आणि खरं सांगणारा हवा. अपघातात सापडलेली नाही, सगळे भाग आणि पुस्तिका आहेत, आणि मुदत संपलेली नाही, या तिन्ही गोष्टींची खात्री हवी. बनावटीची तारीख सीटच्या तळाला प्लास्टिकवर उठवलेली असते. मुदत साधारण सहा ते दहा वर्षांची. अनोळखी माणसाकडून घेऊ नका. अपघात झालेली सीट बाहेरून धडधाकट दिसते, आतला तडा कापडाखाली असतो.

आपल्या गाडीला मोठी धडक बसली तर सीट बदला, मूल तेव्हा तीत बसलेलं नसलं तरीही. किरकोळ ठोकर असेल तर काय करायचं ते पुस्तिकेत बघा; काही उत्पादक कुठल्याही धडकेनंतर बदलाच म्हणतात. आणि मुदत संपलेली किंवा अपघातातली सीट टाकून देताना तशीच कचऱ्याशेजारी ठेवू नका, कुणीतरी चांगली दिसते म्हणून उचलून नेईल. कापड फाडा, पट्टे कात्रीने मुळापासून कापा आणि कवचावर जाड मार्करने 'वापरू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहा.